मोगऱ्याची मात्रा

रविवार, २० फेब्रुवारी १९९४, नोएडा

घर लागले. म्हणजे निम्मी खोकी अजून बंदच आहेत, पण देव मांडले, गॅस सुरू झाला आणि माझे टेबल खिडकीपाशी बसले, तेव्हा लागले असे म्हणायला हरकत नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये उभे आयुष्य गेले. आता सोसायटीतला स्वतःचा फ्लॅट, तिसरा मजला. नव्या जागेत काहीतरी नवे सुरू करावे म्हणून ही दैनंदिनी.

फ्लॅट नीलाने निवडला. तिची एकच अट होती, वारा दोन्ही बाजूंनी हवा. सोसायटीचे सेक्रेटरी स्वयंपाकघरातल्या फरश्या दाखवत होते आणि ही मधल्या खोलीत रुमाल लोंबकळत धरून वारा कुठून कुठे जातो ते बघत होती. निसर्गाची ओढ तिला आताशा फार. माझी खाट तिने बाल्कनीला लागून टाकली आहे. "तुम्हाला वाचायला शांत पडेल," म्हणाली. इतका विचार कोण करतो?

माझ्याविषयी लिहायचे तर मी डॉ. सूर्यकांत वझलवार, जीवरसायनशास्त्रज्ञ. नागपूरला पीएच.डी. केली ती ट्रिप्टोफॅनेज या एन्झाइमवर, आणि त्यानंतर दिल्लीच्या संस्थेत येऊन आजपर्यंत त्याच्यावरच आहे. लोकांना वाटते एका एन्झाइमवर इतकी वर्षे कसली घालवायची. त्यांना कोण सांगणार! ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल डाळीत असते, दुधात असते. आपल्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून इंडोल नावाचा पदार्थ सुटतो. हे फोडण्याचे काम ट्रिप्टोफॅनेजचे. ते बी-सहा जीवनसत्त्वाला कसे धरते, केव्हा सोडते, यावर माझे अठ्ठावीस पेपर आहेत. मुलीच्या नावाइतकेच हे नाव मी आयुष्यात उच्चारले असेन.

प्रणिता (ही ती मुलगी, केबल टीव्हीच्या ऑफिसात लागली आहे) आत्ता येऊन म्हणाली, "बाबा, लॅबमधून आल्यावर डायरेक्ट बाथरूममध्ये जात जा ना. हेल्थसाठी चांगलं असतं." वडिलांच्या तब्येतीची काळजी आहे पोरीला.

बुधवार, २३ फेब्रुवारी

चार्टर्ड बसचा तिसरा दिवस. नोएडाची माणसे फार सुसंस्कृत. बस खचाखच भरलेली, दांड्याला लोंबकळणारे लोंबकळताहेत, पण माझ्या शेजारच्या सीटवर कोणी बसत नाही. काल एक सरदारजी बसले, माझ्याकडे पाहिले आणि लगेच उठून उभे राहिले. मी म्हटले, "बैठिए ना." तर हात जोडून म्हणाले, "नहीं जी, आप आराम से." संशोधकाला एवढा मान आर. के. पुरमच्या डीटीसी बसमध्ये कधी मिळाला नव्हता. तिथेही माझ्याभोवती गर्दी नसायची, एवढे खरे.

बुधवार, २ मार्च

संचालकांनी बोलावले होते. नवे संचालक कामाचे. मला बसायला सांगितले, स्वतः मात्र सबंध वेळ उघड्या खिडकीपाशी उभे राहून बाहेर तोंड काढून बोलले.

बातमी वाईट आहे. "वझलवारसाहेब, अब जीन का ज़माना है," म्हणाले. एन्झाइम शुद्ध करत बसणाऱ्यांना आता सरकार पोसणार नाही. ज्याला प्रयोगशाळा चालवायची असेल त्याने उद्योगातून काम आणावे. जुलैअखेर काही आणले नाही तर माझी लॅब नव्या विभागात विलीन, आणि मी ग्रंथालय समितीवर. माझी विद्यार्थिनी निधी हिची पीएच.डी. अर्ध्यात. ती मुलगी पहाटे येऊन जिवाणूंचे फ्लास्क बघते, तिला काय सांगू?

ट्रिप्टोफॅनेजचा उद्योगाला काय उपयोग? आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता.

जेवताना नीलाला सांगितले. ती म्हणाली, "ग्रंथालय बंद खोलीत असतं का हो?"

बुधवार, ९ मार्च

निधी हुशार! तिच्या मावसबहिणीच्या ओळखीने एक गृहस्थ लॅबमध्ये आणले. यतीन सचदेव, नोएडात वडिलांचा अगरबत्तीचा कारखाना आहे. वय तिशीच्या आत, टाय, कमरेला पेजर. त्याने कुठेतरी वाचले होते की मोगऱ्याच्या फुलात इंडोल असते. खरेच आहे. अगदी थोडे असते, पण तेच नसले तर मोगरा मोगऱ्यासारखा वाटत नाही. बाहेरच्या देशांत आता 'नैसर्गिक' लिहिलेला माल उचलतात म्हणे, आणि जिवाणूंनी केलेले इंडोल नैसर्गिकच.

बिचाऱ्याला सर्दी झाली होती. आत आल्यापासून नाकावरचा रुमाल काढला नाही.

"सर," तो रुमालातून म्हणाला, "ये... ये मोगरा बन जाएगा?"

"मात्रेचा प्रश्न आहे," मी समजावले. "इंडोल जास्त असेल तर विष्ठेसारखा वास येतो असे पुस्तकांत लिहिले आहे. हजारो पट पातळ केले की फूल."

"पुस्तकांत?" निधीने विचारले. (तिला मराठी समजते, लहानपण नागपूरला गेले.)

"हो, पुस्तकवाले अतिशयोक्ती करतात. मला तरी इतक्या वर्षांत कधी त्रास झाला नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग यतीन खाली वाकला आणि चक्क माझ्या पाया पडला. "सर, आप तपस्वी हैं." उदारीकरण आले तरी या पिढीवर संस्कार आहेत.

शुक्रवार, १८ मार्च

कारखान्यात जाऊन आलो. यतीनचे वडील शंकरलालजी यांनी स्वागत केले. शुभ्र सफारी, कपाळाला चंदन. धंदा त्यांनी हाताने उभा केलेला. त्यांच्या केबिनमध्ये रोज अकराला प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका वेळी केलेल्या मालातली, एक काडी पेटवतात, सगळे कामगार दाराशी उभे राहतात, शंकरलालजी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात, मग डोळे उघडतात आणि "वाह" किंवा "ना" म्हणतात. 'ना' आले की सबंध घाणा बाद. मंदिरात असल्यासारखे वाटले.

मग मलाही कागदाच्या पट्ट्या हुंगायला दिल्या. केवडा, खस, गुलाब आणि आमचे पातळ केलेले इंडोल घातलेला मोगरा. इथे प्रामाणिकपणे लिहितो की मला कशाचाच फारसा वास आला नाही. पण तज्ज्ञाने मोजके बोलावे. पहिल्या पट्टीला म्हटले, "सौम्य." दुसरीलाही म्हटले, "सौम्य." तिसरीला थोडा वेळ घेऊन, "हा जरा जास्त सौम्य."

यतीन वडिलांना म्हणाला, "देखा पापा? सबसे तेज़ वाले को सौम्य बोल रहे हैं. क्या रेंज है!"

तर ठरले ते असे. मे महिन्यात दुबईचा खरेदीदार येणार, त्याच्यापुढे मोगरा ठेवायचा. पसंत पडला तर कारखाना लॅबशी तीन वर्षांचा करार करेल. प्रत्येक घाणा मी स्वतः हुंगून पास करायचा, ही शंकरलालजींची अट. "नाक के मामले में मैं किसी पे भरोसा नहीं करता," म्हणाले, "आप पे करूँगा."

येताना बसमध्ये गाणे गुणगुणलो. मागची सीटही रिकामी होती.

सोमवार, ११ एप्रिल. पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड झाले होते. गोड होते, आंबट होते, पण केशर-वेलचीचा पत्ता नाही. नीलाला बोललो तर म्हणाली, भरपूर घातली आहे. बाजारातली चांगली वेलची आता सगळी निर्यात होते, दुसरे काय! कॉफीचे तेच झाले, नुसती कडू लागते. बासमतीचेही तेच. देश खुला केला आणि वास बाहेर गेला. हे वाक्य मी प्रणिताला ऐकवले. ती आईकडे बघून हसली आणि नीलाने तिला डोळ्यांनी दटावले.

लॅबचे काम जोरात. निधी प्रत्येक फ्लास्कमधला थेंब घेऊन त्यात आमचा तपासणीचा पिवळा द्राव टाकते. इंडोल असले की वर चेरीसारखे लाल कडे धरते. लाल किती गडद त्यावरून आम्ही मात्रा ठरवतो. इतकी वर्षे मी हेच कडे बघत आलो आहे, आणि अजून ते उमटले की छातीत काहीतरी होते.

रविवार, २४ एप्रिल

आज घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू. आर. के. पुरमच्या महिला मंडळाने मॅटाडोर गाडी करून यायचे ठरवले होते, नव्या घराला पाय लागतील म्हणून. नीला दोन दिवस राबत होती. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, गौरीपुढे कलिंगडाचे कमळ. मी बायकांमध्ये थांबायचे नाही असे ठरले होते, पण मला नीलासाठी काहीतरी करायचे होते.

आपल्याकडे हळदीकुंकवाला अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. मनात आले, आज आपल्या घरचा मोगरा का शिंपडू नये? लॅबमधून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक पातळ केलेली, एक मूळ, स्पिरिटमधली. पातळ हुंगून पाहिली. काहीच नाही. एवढ्या लांबून बायका येणार आणि त्यांच्यावर पाणी उडवायचे? म्हणून चांदीच्या गुलाबदाणीत मूळ बाटली रिकामी केली.

सगळ्या जमल्या. ओटी भरणे चालले होते. मी दारातून पुढे झालो, "वहिनी, घरचा मोगरा!" म्हणून गुलाबदाणी फिरवली. सतरंजीवर, गौरीवर, पदरांवर, पन्ह्याच्या पातेल्याच्या आसपास.

पुढचे मला नीट उलगडलेले नाही. आधी सगळ्यांचे पदर नाकाला गेले. मग मंडळाच्या अध्यक्षा शेवंताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "नीला, आम्हाला निघायला हवं." मग सगळ्याच एकदम उठल्या. जिन्यात चपलांची गर्दी झाली. कुणा एकीच्या पायात दोन वेगवेगळ्या. मॅटाडोर सुटताना आतल्या बायकांचे पदर झटकणारे सगळे हात खिडक्यांबाहेर होते. मी खालून हात हलवला.

वर आलो तर नीला खोलीच्या मध्यभागी उभी. हातात हरभऱ्यांची वाटी.

"पन्हे बिघडले असेल," मी म्हटले. "उन्हाचे दिवस आहेत. मनाला लावून घेऊ नकोस."

सोमवार, २५ एप्रिल

अख्ख्या जिन्यात दुर्गंधी पसरल्याची तक्रार. सकाळी सहालाच सोसायटीचे सेक्रेटरी प्लंबर घेऊन आले. ड्रेनेज फुटले असावे असा त्यांचा तर्क. मी विज्ञानाचा माणूस, असल्या वेळी घरात बसून कसे चालेल? टॉर्च घेऊन त्यांच्याबरोबर खाली गेलो. सर्व मॅनहोलची झाकणे काढली. बाकीचे लोक दहा फुटांवर नाक धरून, मी मात्र वाकून आत पाहत होतो. प्लंबर म्हणाला, "साहब को सलाम है."

संध्याकाळी सभा झाली आणि मला सर्वानुमते सांडपाणी समितीचा निमंत्रक केले. नोएडाला येऊन जेमतेम दोन महिने झाले तोच!

नीलाने दिवसभर पडदे, सतरंजी आणि उशांचे अभ्रे धुतले. "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय," म्हणाली. पण तेवढ्यात प्लंबर आला.

बुधवार, २७ एप्रिल

समितीची तीन वेळा पाहणी. मी जिन्याचा नकाशा काढून तक्रारी मांडल्या. जसजसे आपण तिसऱ्या मजल्याकडे जातो तसतसा वास वाढतो. याचा अर्थ उघड आहे, वायू हलका असल्याने वर चढतो, म्हणजे उगम तळमजल्यावर. तळमजल्यावर निवृत्त कर्नल राणा राहतात. त्यांच्या बाथरूमची फरशी उद्या सकाळी फोडायची असा ठराव मी मांडला आणि तो संमत झाला. कर्नलसाहेब म्हणाले, "ओव्हर माय डेड बॉडी." मी म्हटले, सार्वजनिक आरोग्यापुढे व्यक्ती गौण आहे. टाळ्या पडल्या.

गुरुवार, २८ एप्रिल

फरशी फुटली नाही.

सकाळी मी घण घेतलेल्या मजुराला घेऊन निघत होतो. नीला दारात आडवी उभी राहिली. प्रणिता मागे.

"अहो, थांबा. तो वास कर्नलच्या घरातून येत नाहीये."

"समितीने सिद्ध केले आहे."

"तो वास आपल्या घरातून येतोय. तुमच्या गुलाबदाणीतून आलाय. आणि तुमच्या शर्टातून येतो, पिशवीतून येतो, रोज येतो. आर. के. पुरमला होतो तेव्हापासून येतो."

मी हसलो. "मग मला कसा नाही आला?"

तिने प्रणिताकडे पाहिले. प्रणिता म्हणाली, "आई, आज सांगूनच टाक. प्लीज."

"तुम्हाला वास येत नाही," नीला म्हणाली. "कशाचाच. त्या मोठ्या तापातून उठलात ना, प्रणिता दुसरीत होती, तेव्हापासून. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. तेव्हाच मला कळलं."

मी म्हटले, हा निष्कर्ष झाला, पुरावा कुठे आहे? शास्त्रशुद्ध चाचणी घ्या. मजुराला जिन्यात बसवले. मी डोळ्यांवर टॉवेल बांधला, नीला एकेक वस्तू नाकाखाली धरू लागली.

"सौम्य," मी म्हटले.

"हिंग."

"हाही सौम्य."

"रॉकेल, बाबा," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज कसातरीच झाला होता.

कॉफी. कापूर. परवाचे मोजे. मी सगळ्यांत नापास. एक कांदा तेवढा ओळखला, तोही डोळे चुरचुरले म्हणून. टॉवेल काढला तेव्हा दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि हसत नव्हत्या.

"मग श्रीखंडात वेलची होती?" मी विचारले.

"दरवर्षी असते."

"आणि बासमती?"

नीला जरा चपापली. "तो मात्र नसतो. बारा वर्षं साधा परमल तांदूळ शिजवतेय. तुम्हाला कळत नव्हतं, मग कशाला..."

मी खाली बसलो. इतक्या वर्षांत सांगितले का नाही, एवढेच विचारू शकलो.

"सांगणारच होते. त्याच आठवड्यात तुमचा तो मोठा पेपर छापून आला. तुम्ही इतके खुशीत होतात. म्हटलं, आत्ता सांगितलं तर हे काम सोडून देतील. आणि मग सारखं पुढे ढकललं गेलं." पदराने हात पुसत म्हणाली, "वासाचा नवरा मला चालतो हो. काम गेलेला नवरा दिवसभर घरात कसा चालेल?"

मजूर अजून जिन्यात बसला होता. त्याला चहा देऊन पाठवले.

शुक्रवार, २९ एप्रिल

रजा टाकली. काही लिहावेसे वाटत नाही. आंघोळ दोनदा केली.

रविवार, १ मे

सकाळी सोसायटीच्या सभेत उभा राहून सगळे सांगितले. समितीचा राजीनामा दिला. कर्नल राणांची माफी मागितली. ते म्हणाले, "डॉक्टर, फौज में कबूल करने वाले की सज़ा आधी हो जाती है. आप मेरा बाथरूम साफ़ करवा दीजिए." करून देईन.

बस, संचालकांची खिडकी, यतीनची सर्दी, एकेक आठवते आणि कान तापतात. सरदारजींना तर मी बसा बसा म्हणून आग्रह केला होता.

मग निधीला फोन केला. सगळे सांगून विचारले, "तुला माहीत होते?"

"सर, वास तर सगळ्यांनाच माहीत होता. तुम्हाला येत नाही ते मला मार्चमध्ये कळलं. तुम्ही म्हणालात ना, पुस्तकवाले अतिशयोक्ती करतात."

"आणि तरी पहाटे येत होतीस?"

"सर, एन्झाइम चांगलं आहे," ती म्हणाली.

आता खरा पेच यतीनचा. करार माझ्या नाकावर उभा आहे, आणि नाक नाही. गप्प राहिलो तर लॅब वाचते. दर आठवड्याला जाऊन 'सौम्य' म्हणायचे, एवढेच. निधी पट्ट्यांवर बारीक खूण करून ठेवू शकते. हा विचार मी दुपारभर केला, हे लिहून ठेवतो. चहाच्या वेळी नीलाला बोलून दाखवला. ती म्हणाली, "आणि एखाद्या दिवशी मूळ बाटली गेली दुबईला?"

शनिवार, ७ मे

सांगून आलो. कसे झाले ते नीट लिहितो.

केबिनमध्ये शंकरलालजी आणि यतीन. निधीला बरोबर नेले होते, तिने नळ्यांची पेटी आणली होती. मी बसलोच नाही. उभ्याने सांगितले, "मला वास येत नाही. पंधरा वर्षांपासून. मी तुमच्यापुढे जे सौम्य म्हटले ते सगळे खोटे होते. मला ठाऊक नव्हते, पण खोटेच. दुसरा माणूस बघा."

यतीनचा चेहरा पडला. "सर, दुबईवाला बीस तारीख को आ रहा है! बिना नाक के कैसे..."

शंकरलालजी उठले. केबिनचे दार लावले, कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला. मला वाटले, आता म्हातारा हात उचलतो.

"डॉक्टरसाहब," ते हळू आवाजात म्हणाले, "मुझे भी नहीं आती."

"पापा?"

"पच्चीस साल हो गए. सारी उमर यही धूल खाई है, नाक कहाँ बचती."

"पर पापा, रोज़ ग्यारह बजे... वाह... ना..."

"मैं फोरमैन का मुँह देखता हूँ," शंकरलालजी म्हणाले. "वो दरवाज़े पे खड़ा होता है. आँख ज़रा सी खोल के देख लेता हूँ. मुँह खिला तो वाह, सिकुड़ा तो ना."

"और जिस दिन उसका पेट ख़राब होता है?"

"उस दिन सारा माल ना."

यतीन खुर्चीत कोसळला. मला या माणसाला मिठी मारावीशी वाटत होती, पण पद्धत माहीत नव्हती. तेवढ्यात निधीने पेटी उघडली आणि कोणी न सांगता पाच नळ्या मांडल्या. पाच घाण्यांचा मोगरा. प्रत्येकात पिवळा द्राव टाकला. पहिलीत कडे उमटले ते फिकट गुलाबी. दुसरीत जरा वर. तिसरीत टरबुजासारखे. पाचवीत गर्द लाल.

"ही तिसरी बरोबर," निधीने सांगितले. "पाँचवी निकली तो मॅटाडोर भागेगी." (हळदीकुंकवाची हकिकत मीच तिला सांगितली होती.)

शंकरलालजींनी चष्मा लावला. टेबलावर वाकले. नळ्यांकडे खूप वेळ पाहत राहिले. आणि एकदम लहान मुलासारखे म्हणाले, "अरे, ये तो मुझे दिखता है!"

त्यांनी स्वतःच्या हाताने सहावी नळी करून पाहिली. मग सातवी. कडे लाल होऊ लागले की दर वेळी "वाह!" म्हणत होते, आणि हे वाह खरे होते. फोरमनचे तोंड बघायला दार उघडले नाही.

करार झाला. हुंगायची अट खोडून तिथे लाल कड्याची चाचणी लिहिली. निधीने कारखान्यातल्या दोन मुलींना ती शिकवायची. यतीनने विचारले की एक तरी नाक असावे का? शंकरलालजी म्हणाले, "फोरमैन है ना."

गुरुवार, १९ मे

नीलाने धरून नाकाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासून म्हणाले, त्या तापातच नस गेली असणार, आता परत यायची नाही. मी विचारले, "इंडोलने नाही ना?" म्हणाले, त्याचा काही संबंध दिसत नाही. इतके बरे वाटले! इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर त्याच्यावर आळ आला असता तर मला सहन झाले नसते.

बाहेर आल्यावर नीला म्हणाली, "नस गेली म्हणून एखादा माणूस हसतो का?"

शनिवार, २१ मे

दुबईच्या साहेबांना मोगरा पसंत. संचालकांनी अभिनंदन केले आणि लॅबशेजारी मला न्हाणीघर बांधून देण्याची शिफारस स्वतः होऊन केली. निधी रजिस्ट्रेशन वाढवून घेते आहे.

रविवार, १२ जून

कारखान्यातून पहिला पुडा घरी आला. प्रणिता मैत्रिणीकडे गेली होती. दिवेलागणीला नीलाने देवापुढे एक काडी लावली आणि तिथेच बसली. मीही पाटावर बसलो. काडीचे टोक लाल, वरून धुराची बारीक दोरी. मला एवढेच दिसत होते.

"कसा आहे?" मी विचारले.

"छान आहे."

"छान म्हणजे कसा? मला सांग. माझ्या एन्झाइमने केलाय तो, आणि मला कळणार नाही."

नीलाने डोळे मिटले. "संध्याकाळी पाणी मारलेल्या अंगणासारखा. आधी गार वाटतो, मग गोड. आणि गोडाच्या खाली काहीतरी थोडंसं उग्र, जनावरासारखं. ते नसतं तर साबणाचा वाटला असता."

"ते खालचे म्हणजे इंडोल."

"असेल. आपल्या लग्नात माझ्या वेणीत अस्साच होता. नागपुरात मे महिना, मांडवात काहिली, आणि मामींनी इतका मोठा गजरा माळला होता की मान वळेना. तुम्ही शेजारी बसला होतात. मला वाटलं, आता हे काहीतरी म्हणतील."

"मग काय म्हटले मी?"

"म्हणालात, 'पंखा इकडे वळवू का?'"

मला तो पंखा आठवला. आणि मग, नाकातून नव्हे, कुठून ते मला सांगता येणार नाही, तो गजरा आठवला. अगदी स्पष्ट. गार, मग गोड, मग ते खालचे. मी त्या वेळी पंखा का म्हणालो तेही आठवले. दुसरे जे म्हणायचे होते ते म्हणायची हिंमत झाली नव्हती.

"तेव्हा नाक चालत होतं," नीला म्हणाली, "पण तोंड बंद होतं."

तर मग ते दुसरे मी आज म्हटले. काय म्हटले ते इथे लिहीत नाही, प्रणिता कधी कधी माझे टेबल आवरते.  काडी संपेपर्यंत आम्ही दोघेही तिथेच बसून होतो.

यतीनला सोमवारी कळवायचे आहे की या काडीला धूर फार होतो, कमी करावा. नीलाच्या डोळ्यांना पाणी आले होते.